मिकोनोसचे बीच क्लब आणि थांबवू पाहिलेली एसआयपी

पुण्यातील एका वाचक दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला बारा वर्षे पूर्ण होत असल्याने पुढील ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला जोडून, दहा वर्षांच्या मुलासह ग्रीसमधील मिकोनोस बेटावर सहा रात्री राहण्याचा त्यांचा विचार आहे. सहलीसाठी साडेसात लाख रुपये बाजूला ठेवले आहेत, पण अंदाजपत्रक नऊ लाखांवर गेले आहे. उरलेले दीड लाख उभे करण्यासाठी मुलाच्या उच्च शिक्षणासाठी चालू असलेली दरमहा पंचवीस हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील ठरावीक मासिक गुंतवणूक) सहा महिने थांबवावी का, आणि चार दिवसांसाठी निवडलेल्या बीच क्लबची आगाऊ रक्कम आताच भरावी का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दरपत्रके आणि क्लबची खाद्यपदार्थांची यादी पत्रासोबत पाठवलीत, त्यामुळे मला अंदाजाऐवजी आकड्यांवर बोलता येते. हिशेब सोपा राहावा म्हणून मी एक युरो शंभर रुपयांचा धरतो. प्रत्यक्ष भाव त्याहून थोडा वरच राहील, हे लक्षात असू द्यावे.

तुमच्या योजनेतील चार दिवसांपैकी दोन दिवस प्सारूच्या किनाऱ्यावरील एका नामांकित क्लबमध्ये आहेत. तेथे पहिल्या रांगेतील दोन सनबेड आणि छत्रीसाठी दिवसाला किमान 400 युरो खर्च करण्याची अट आहे. तिसरा दिवस उत्तरेकडील पानोर्मोस येथे असून तेथे सनबेडचे भाडे 120 युरो आहे आणि खाणेपिणे वेगळे आहे. चौथा दिवस प्लातिस यालोस येथे 60 युरो भाड्याच्या साध्या सनबेडवर आहे. दोन्ही ठिकाणच्या जेवणाचे अनुक्रमे 110 आणि 90 युरो आणि चार दिवसांच्या टॅक्सीचे 160 युरो मिळवले, तर बेरीज 1340 युरो होते. परकीय चलनातील खर्चावर बँक कार्डामागे लावते तो साडेतीन टक्के अधिभार (मार्कअप) आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी जमेस धरला, तर ही रक्कम जवळजवळ 1 लाख 39 हजार 500 रुपये भरते. तुम्हाला कमी पडणारी रक्कम दीड लाख आहे. म्हणजे विमान, व्हिसा आणि निवास हे जवळजवळ सर्व तुमच्या बचतीत बसते, आणि एसआयपीला हात लावण्याची वेळ आली आहे ती प्रामुख्याने या चार दिवसांमुळे.

आता त्या 400 युरोंकडे बारकाईने पाहू या, कारण पत्रातील एका वाक्यामुळे मला काळजी वाटली. तुम्ही लिहिले आहे की ही रक्कम खाण्यापिण्यात वळती होते, म्हणून सनबेड जवळजवळ फुकटच पडतो. गोव्यातील अनेक शॅकवर जेवण मागवले की सनबेडचे वेगळे पैसे घेत नाहीत, त्या अनुभवावरून तसे वाटणे स्वाभाविक आहे. किमान खर्चाची अट मात्र वेगळ्या तऱ्हेने चालते. तुम्ही अट नसतानाही जे खाल्ले-प्यायले असते, तेवढ्यापुरतीच ती रक्कम खरोखर वळती होते. त्यापलीकडे जे काही केवळ आकडा गाठण्यासाठी मागवावे लागते, ते सनबेडचे भाडेच असते. अशा क्लबमध्ये 400 युरो सहज संपतात ते शॅम्पेन, वाइन आणि ताज्या मासळीवर. तुम्ही तिघेही शाकाहारी आहात आणि एखादी बिअर वगळता मद्य घेत नाही. पाठवलेल्या यादीवरून मी तुमच्या दिवसभराच्या सॅलड, पास्ता, लिंबूपाणी, कॉफी, आइस्क्रीम आणि पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब केला, तो अगदी सढळ हाताने धरूनही 150 युरोंच्या पुढे जात नाही. उरलेले 250 युरो हे दोन खाटांचे एका दिवसाचे भाडे झाले आणि दोन दिवसांचे पन्नास हजार रुपये झाले. या नजरेने पाहिले, तर पानोर्मोसचा 120 युरोंचा क्लब, जो तुम्हाला महाग वाटत होता, तो प्सारूच्या निम्म्याहूनही कमी भाड्याचा ठरतो. आणखी एक बाब म्हणजे मुलासाठीच्या तिसऱ्या सनबेडचे पैसे तुमच्या हिशेबात कुठेच धरलेले दिसत नाहीत.

क्लब निवडताना वाऱ्याचाही विचार करावा लागतो, कारण त्याचाही पैशाशी संबंध आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरवारा वाहतो आणि तो कधी कधी सलग काही दिवस थांबत नाही. पानोर्मोस आणि फ्तेलिया हे किनारे त्याच्या थेट तोंडावर आहेत, तर प्सारू, प्लातिस यालोस, ओर्नोस, परागा, एलिया हे दक्षिणेकडील किनारे डोंगराच्या आडोशाला येतात. ऑगस्टमध्ये पानोर्मोसची आगाऊ आणि परत न मिळणारी नोंदणी करणे म्हणजे वाऱ्याचा धोका पूर्णपणे स्वतःकडे घेणे आहे. वाळू अंगावर उडत असताना मूल तासाभरात कंटाळेल आणि तुम्ही पूर्ण दिवसाचे पैसे भरून उठाल. वारा फारच वाढला तर बोटीही रद्द होतात, त्यामुळे अथेन्सला परतण्याच्या दिवशी एक रात्र हाताशी ठेवणे शहाणपणाचे आहे.

तुम्ही निवडलेल्या तारखांविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. पंधरा ऑगस्ट ही आपल्याकडे राष्ट्रीय सुटी आहे, आणि त्याच दिवशी ग्रीसमध्ये मातृदेवी मरियेचा मोठा धार्मिक सण असतो. उन्हाळ्यातील ती त्यांची सर्वांत महत्त्वाची सुटी. त्या सुमारास अथेन्स जणू रिकामे होते, बोटी भरून बेटांकडे जातात आणि मिकोनोसचे दर वर्षातील शिखरावर असतात. तुमच्या मुलाची शाळा जूनच्या मध्यास सुरू होत असल्याने मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ तुम्हाला उपलब्ध आहे. तुम्हीच पाठवलेल्या दोन दरपत्रकांत त्याच हॉटेलचा मेअखेरचा दर ऑगस्टपेक्षा रात्रीमागे 130 युरोंनी कमी आहे. सहा रात्रींचे 780 युरो होतात, आणि कार्डाचा खर्च धरून सुमारे 81 हजार रुपये वाचतात. बहुतेक क्लब मेच्या मध्यापर्यंत सुरू झालेले असतात. या काळाची उणीवही सांगायला हवी. समुद्राचे पाणी तेव्हा ऑगस्टइतके तापलेले नसते आणि कोकणातल्या पाण्याची सवय असलेल्या मुलाला ते चांगलेच गार लागेल. तुमच्या कुटुंबात कोणीही तासन्‌तास पोहणारे नाही, म्हणून मला ही उणीव सोसण्याजोगी वाटते. दिवाळीच्या सुटीचा पर्याय मात्र धरू नका, कारण तोपर्यंत क्लब बंद होऊन बेट जवळजवळ झोपी गेलेले असते.

किनाऱ्यावर पैसे न देता बसता येते, हेही ठाऊक असावे. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक मालकीचा आहे. 2024 साली तेथील सरकारने नियम कडक केले असून सर्वसाधारण किनाऱ्याचा किमान अर्धा भाग सनबेड-छत्र्यांपासून मोकळा ठेवावा लागतो, आणि पाण्यापासून चार मीटरच्या आत सनबेड लावता येत नाहीत. प्लातिस यालोससारख्या ठिकाणी स्वतःची छत्री आणि चटई घेऊन बसण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही, स्थानिक कुटुंबेही तसेच करतात. उत्तरेकडील आयोस सोस्तिस येथे तर सनबेडच नाहीत, पण तेथे सावलीही नाही आणि वारा असतो, त्यामुळे मुलासह तो किनारा मी सुचवणार नाही.

टॅक्सीचे 160 युरोही बरेच खाली आणता येतील. बेटावर टॅक्सी फार थोड्या आहेत आणि त्यांची वाट पाहण्यात वेळ जातो. मिकोनोस गावातील फाब्रिका थांब्यावरून दक्षिणेकडील किनाऱ्यांकडे नियमित बस जातात आणि हंगामात प्लातिस यालोसहून पुढच्या किनाऱ्यांवर जाणाऱ्या छोट्या बोटीही असतात. प्सारू तर प्लातिस यालोसपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे. प्सारूचा क्लब ही सौभाग्यवतींची अनेक वर्षांची इच्छा आहे, असे तुम्ही लिहिले आहे, आणि ती मोडून काढा असे मी सांगणार नाही. बारा वर्षांच्या संसारानंतर एक दिवस समुद्राकाठी निवांत घालवण्यासाठी खर्च करणे हा पैशाचा चांगला उपयोग आहे. पण तो एकच दिवस असावा, आणि त्या दिवशी दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे लवकरचे जेवण दोन्ही तेथेच घ्यावे, म्हणजे 400 युरोंपैकी वाया जाणारा भाग बराच कमी होईल आणि त्या रात्रीचा हॉटेलबाहेरचा जेवणखर्चही वाचेल. दुसरा दिवस प्लातिस यालोसच्या साध्या सनबेडवर, जेवणासह 150 युरोंत घालवावा. तिसऱ्या दिवशी स्वतःची छत्री आणि बेकरीतील पालकाचे पॅटिस व फळे घेऊन मोकळ्या वाळूवर बसावे, त्याला 40 युरो पुरतात. चौथ्या दिवशी सकाळच्या बोटीने डेलोस बेटावर जावे. अपोलो आणि आर्टेमिस या ग्रीक देवतांचे जन्मस्थान मानले जाणारे हे बेट 1990 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि इतिहासाची आवड असलेल्या तुमच्या मुलाला ते कोणत्याही क्लबपेक्षा जास्त भावेल, असे मला मनापासून वाटते. तेथे सावली नाही, म्हणून टोपी आणि पाणी बरोबर असावे. बोट, प्रवेश आणि खाणे मिळून मी 110 युरो धरतो आणि चारही दिवसांच्या बसभाड्यासाठी 50 युरो. एकूण 750 युरो, म्हणजे कार्डाच्या खर्चासह सुमारे 78 हजार रुपये होतात आणि मूळ योजनेपेक्षा साधारण साडेएकसष्ट हजार वाचतात.

हॉटेलमधील बचत मिळवली की दीड लाखांच्या तुटीपैकी 1 लाख 42 हजारांहून अधिक भरून निघते. तुमच्या अंदाजपत्रकात नसलेला एक खर्च मात्र वाढवावा लागेल. ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात हॉटेलवर हवामान शुल्क असते आणि 2025 पासून चार तारांकित हॉटेलसाठी ते खोलीमागे रात्रीला 10 युरो आहे. सहा रात्रींचे 60 युरो बहुधा हॉटेलातच भरावे लागतात. हे शुल्क आणि तिसरा सनबेड धरूनही उरणारी तूट वीस हजारांच्या आत राहते. ती तुमच्या मासिक शिल्लकीतून दोन महिन्यांत भरता येईल.

त्यामुळे एसआयपी थांबवण्याच्या मी स्पष्टपणे विरोधात आहे. मुलाच्या महाविद्यालयाला आठ वर्षे उरली आहेत. दीड लाख रुपयांवर वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली, तर आठ वर्षांत त्यांचे 3 लाख 20 हजारांच्या आसपास होतात. ही वाढ हमखास नसते, तरीही हे पैसे कुठून काढले जात आहेत हे त्यातून कळते. शिवाय सहा महिन्यांसाठी म्हणून थांबवलेली एसआयपी पुढे वर्षभर बंद राहिल्याची उदाहरणे माझ्यासमोर अनेकदा आली आहेत, कारण मोकळ्या झालेल्या पंचवीस हजारांना घरात लगेच दुसरी वाट सापडते.

आगाऊ रकमेविषयी सांगायचे, तर व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारी कोणतीही रक्कम भरू नका. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क 90 युरो आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही, तेवढा धोका पुरे आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यापूर्वी अपॉइंटमेंट लवकर भरतात, त्यामुळे डिसेंबरच्या आसपासच कागदपत्रे तयार ठेवावीत. त्यानंतर क्लबला लेखी विचारावे की किमान खर्चात कर धरला आहे का, सेवाशुल्क वेगळे लागते का, तिसऱ्या सनबेडचे किती, दहा वर्षांच्या मुलाला दिवसभर प्रवेश आहे का, आणि वादळी वाऱ्यामुळे दिवस वाया गेल्यास तारीख बदलून मिळते का. उत्तर ईमेलवर आले नाही, तर तो क्लब सोडून द्यावा.

पैसे देताना कार्डयंत्रावर युरो की रुपये असे विचारले जाईल, तेव्हा प्रत्येक वेळी युरो निवडावे, कारण रुपयांत रूपांतर करून देणारा दर बहुधा महाग पडतो. शक्य असल्यास कमी मार्कअपचे कार्ड आतापासून घेऊन ठेवावे. सहल पॅकेज म्हणून घेतली, तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्यामार्फत आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. हॉटेल आणि विमान स्वतंत्रपणे घेणे तुमच्या बाबतीत सोयीचे आहे. बिलाची पावती मात्र आवर्जून मागावी. पावती मिळाली नाही तर ग्राहकाला पैसे देणे बंधनकारक नाही, अशी सूचना ग्रीसमधील उपाहारगृहांत लावलेली असते, आणि ती तेथील कायद्यानुसारच आहे.

तुमच्या हॉटेलने मेअखेरचा दर लेखी कळवला की ती तारीख विनाशुल्क रद्द करता येईल अशा अटीवर पक्की करावी. प्सारूच्या क्लबची नोंदणी त्यानंतर, आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून करावी.