सातवा महिना सुरू आहे, रोज चालले तर चालेल का?

हो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर जरूर चाला. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणातही आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आधी सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता आलं पाहिजे; धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.

बद्धकोष्ठता, पाठदुखी, झोप यात फरक पडतो, गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोकाही कमी होतो. मात्र 'खूप चाल, म्हणजे नॉर्मलच होईल' हे शेजारच्या काकूंचं म्हणणं फार मनावर घेऊ नका, तशी हमी कुणीच देऊ शकत नाही.

सातव्या महिन्यात पोटामुळे तोल जातो, म्हणून घसरत्या चपला नकोत, पावसात शेवाळलेला रस्ता तर नकोच. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा.

वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली, तोंडाजवळ असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा बीपी वाढलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, थांबूनही न जाणाऱ्या कळा किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा.