नवरा ‘कर की’ म्हणतो, पण साडेआठला फोन येतोच

मावशी, मी सांगलीची, वय ३६, एका पतसंस्थेत नोकरी. कॉलेजात असताना एकांकिका खूप केल्या, लग्नानंतर सगळं बंद पडलं. यंदा आम्ही जुन्या सहा-सात जणांनी मिळून ग्रुप काढलाय, राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंकी नाटक करायचं ठरवलंय. दिग्दर्शन माझं, मुख्य भूमिका माझी, कपडे आणि हिशोबपण माझ्याकडेच. नवरा कुपवाड एमआयडीसीत आहे, तो म्हणतो ‘कर की, मी कुठं नको म्हणलोय’, पण तालमीला बसलं की साडेआठला त्याचा फोन येतोच. मुलगा दुसरीत आहे. सासूबाई रोज विचारतात की इतक्या रात्री कसल्या तालमी, लोक काय म्हणतील. नेपथ्यासाठी माझी साठ हजारांची एफडी मोडावी का असा विचार चाललाय. कधी वाटतं मी स्वार्थी आहे, मुलाची दहावी होईपर्यंत थांबावं. काय करू?

अगं, तू स्वार्थी नाहीयेस, हे एकदाच सांगते आणि पुढे जाते, कारण तुझं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. नवरा नको म्हणत नाहीये हे खरं आहे, पण त्याने अजून तुला एकही संध्याकाळ दिलेली नाहीये. आणि तूही ती मागितलेली दिसत नाही. तू परवानगी मागितलीस, त्याने दिली, दोघांना वाटलं झालं.

तो साडेआठचा फोन बघ. तू उठून व्हरांड्यात जाणार, कणीक फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहे, कुकरला तीन शिट्ट्या कर, पोराच्या वहीवर सही राहिलीये, हे सगळं सांगून परत येणार, तोवर आत तिघं मोबाईल काढून बसलेले, ज्याचं स्वगत चाललं होतं त्याचा सूर गेलेला, मग प्रवेश परत पहिल्यापासून. पाच मिनिटांच्या फोनने वीस मिनिटं गेली. दिवसभर नोकरी करून आलेल्या हौशी माणसांच्या दोन तासातली वीस मिनिटं म्हणजे किती ते तुला मी सांगायला नको. आणि तो वाईट हेतूने करतोय असंही मला वाटत नाही गं, त्याला खरंच माहीत नसतं कणीक कुठाय. घर अजूनही तूच चालवतेस, फक्त आता फोनवरून.

म्हणून आधी कॅलेंडर घेऊन बस. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते, तिथून मागे मोजत ये. नोकरदार मंडळी घेऊन दोन अंकी बसवायचं तर अडीच महिने धर, आधी नुसतं वाचन, मग हालचाली, मग पाठांतर पक्कं झाल्यावर सलग तालमी, शेवटी रंगीत तालीम. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी सात ते नऊ, आणि शेवटचे दहा दिवस रोज. हा कागद नवऱ्यापुढे ठेव आणि सरळ सांग की या तीन संध्याकाळी घर तुझं, स्वयंपाक, अभ्यास, आईंच्या गोळ्या, सगळं, फोन फक्त कुणाला ताप आला किंवा कुणी पडलं तर. पहिल्या आठवड्यात भात चिकट होईल, होऊ दे, तू आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलू नको आणि भांडी परत घासायला तर मुळीच घेऊ नको. आणि प्रयोगाची तारीख पण त्याच कागदावर लिही, म्हणजे हे संपणार कधी ते त्याला दिसतं. माणसं दहा दिवसांची ओढाताण सोसतात, पण शेवट दिसत नसला की चिडचिड करतात. त्याचीही फर्स्ट शिफ्ट असेल, तोही दमून येत असेल, त्यालाही त्याच्या हक्काच्या संध्याकाळी लागतील, त्या कोणत्या ते त्यालाच विचार आणि त्या पाळ.

मधे दिवाळी येतीये, ती विसरू नको! घरी पाहुणे, फराळ, भाऊबीज, आणि तुझे निम्मे नट गावाला. चकल्या आणि अनारसे बचत गटाकडून आण, आत्ताच ठरव, आत्ताच सांग सासूबाईंना, ऐनवेळी सांगितलंस तर नाटकाचं नाव खराब होईल.

सासूबाईंचं म्हणशील तर मला वाटतं त्यांना तू अजून नाटकात आणलंच नाहीस. त्या कधी भजनी मंडळात, हळदीकुंकवाला, वारीला गेल्याच असतील ना, तेव्हा घर कोणी सांभाळलं हे त्यांना प्रेमाने विचार, वाद घालायला नाही, खरंच ऐकायला. आणि एका शनिवारी त्यांना तालमीला घेऊन ये. कोण माणसं आहेत, कुठे बसतात, काय करतात हे डोळ्यांनी बघितलं की निम्मी काळजी जाते. शक्य असेल तर नऊला निघताना ग्रुपमधलं कुणीतरी तुला घरापर्यंत सोडेल असं बघ, त्यांच्या प्रश्नात तीही काळजी आहे, फक्त लोकांचं नाव पुढे करून विचारतात.

आता माझं खरं भांडण तुझ्याशी आहे. दिग्दर्शन, मुख्य भूमिका, कपडे, हिशोब हे सगळं एकटीने? का गं? आत उभं राहून तुला नाटक दिसणार कसं? मी तर म्हणते भूमिका सोड. दुखेल, मला कळतंय, इतक्या वर्षांनी उभी राहणार होतीस. पण पहिलंच नाटक, नवा ग्रुप, दुसरीतलं पोर, यात दिग्दर्शन हे एकच काम तू नीट करू शकशील. अभिनय सोडवतच नसेल तर मग दिग्दर्शन दुसऱ्याला दे आणि मनापासून भूमिका कर. दोन्ही नको. कपडे एकीला, हिशोबाची वही दुसऱ्याला, आणि एक व्यवस्थापक नेम ज्याच्याकडे तालमीच्या जागेची किल्ली, चहा आणि सगळ्यांचे फोन असतील.

एफडीला हात लावू नको. सगळ्यांनी सारखी वर्गणी काढा, जेवढी जमेल त्यात नेपथ्य बसवा, दोन लेव्हल म्हणजे उंच चौथरे, एक बाक, एक दार, आणि प्रकाशयोजना जाणणारा माणूस मात्र चांगला बघा. नवऱ्याला न विचारता घरातले साठ हजार नाटकात गेले तर पुढे प्रत्येक भांडणात ते साठ हजार निघतील.

दहावीपर्यंत थांबायचं म्हणतेस, पोरगा दुसरीत आहे, म्हणजे आठ वर्षं. मग बारावी, मग कुणाचं तरी आजारपण. नको थांबू. अभिनेत्री सुलभा देशपांडे मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, १९७१ साली त्यांनी आणि अरविंद देशपांड्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली आणि पुढे १९७४ पासून त्याच शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग व्हायला लागले, त्यातून प्रायोगिक नाटकांची सगळी छबिलदास चळवळ उभी राहिली. मुलांच्या नाटकांसाठी ‘चंद्रशाला’ ही तिची शाखाही निघाली. नोकरी, संसार, मुलं यांच्यासकट झालं ते, सगळं आटपल्यावर नाही. आणि तू तर विष्णुदास भाव्यांच्या गावची आहेस, १८४३ साली जिथे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक ‘सीतास्वयंवर’ झालं तिथली! शनिवारी पोराला घेऊन जा तालमीला, कोपऱ्यात चित्र काढत बसेल, महिन्याभरात सगळ्यांचे संवाद त्याला पाठ असतील बघ.

आणि समजा कागद पुढे ठेवल्यावर नवरा म्हणाला की तीन संध्याकाळी नाही जमणार, दोनच जमतील, तर रडत बसू नको आणि चोरून तिसरी तालीमही लावू नको. नाटक लहान कर. दोन संध्याकाळीत दोन अंकी बसत नाही, पण पाऊण तासाची एकांकिका बसते, अभिवाचन तर छानच बसतं, त्याला नेपथ्य नको, पाठांतर नको, आणि ग्रुप तर एकत्र राहतो. पुढच्या वर्षी दोन अंकी घ्या.

एक काम मात्र याच आठवड्यात करून टाक. नाटककाराची लेखी परवानगी घे आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आहे का बघ, नसेल तर लगेच अर्ज टाक. प्रवेशिकेबरोबर हे कागद लागतात आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत कुणी भेटत नाही.