हातासरशी तिसरे काम

आठ वर्षांच्या एका मुलीच्या आईचे पत्र आले आहे. मुलीला अध्ययन अक्षमता आहे, ती विलक्षण हट्टी आहे आणि बाहेरची कामे तिला सोबत घेऊनच करावी लागतात. गेल्या आठवड्यात औषधांचे दुकान आणि वाचनालय आटोपून त्या बँकेत शिरू लागल्या, तेव्हा मुलीने दारातच बसकण मारली आणि किंचाळून सगळी बँक डोक्यावर घेतली. शेवटी त्यांनी तिला दंड धरून फरफटत घरी आणले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. "संयम वाढवण्यासाठी मी काय करू? ध्यानधारणेचा उपयोग होईल का?" असे त्या विचारतात.

ताई,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याशी अडखळले, जे तुम्ही कंसात टाकून पुढे निघून गेला आहात: "ती सारखी दोन बोटे नाचवत 'दोन, दोन' असे ओरडत होती, आणि शाळेतून मात्र तक्रार येते की हिला वहीतल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही." निघताना तिला काय सांगितले होते, तेही पहिल्या पानावर तुमच्याच हस्ताक्षरात आहे: "दोनच कामे आहेत, पाच मिनिटांत येऊ." बँक हे तिसरे काम होते. ती वाटेतच लागली म्हणून "हातासरशी तेही उरकावे" असे तुम्हाला वाटले.

म्हणजे तुमची लेक मोजत होती. तिची मोजणी बरोबर होती, शब्द फिरवलात तो तुम्ही, आणि दंड मात्र तिचा धरला गेला. हे तुम्हाला लागेल, पण तुम्ही किती दमता हे मला समजते वगैरे लिहून मी ते मऊ करणार नाही. तशी वाक्ये तुम्हाला इतरांकडून पुष्कळ ऐकायला मिळत असतील.

'हातासरशी' हा शब्द तुम्हाआम्हाला परवडतो, कारण चालता चालता मनातला बेत खोडून नवा मांडताना आपल्याला कष्ट जाणवत नाहीत. काम पुरे होईपर्यंत असा बेत मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचे प्रारूप मांडले. प्रौढ माणसाच्याही या स्मृतीत एका वेळी साधारण तीन-चारच गोष्टी मावतात, आणि वाचन किंवा गणित जड जाणाऱ्या अनेक मुलांच्या बाबतीत ती त्याहूनही तोकडी पडते. गोंगाट, रांगा आणि अनोळखी माणसे यांच्यातून जाताना तुमच्या मुलीने 'दोन' ही एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, आणि बँकेच्या दारात तुम्ही तीच काढून घेतलीत. इतक्या संतापात तिला पूर्ण वाक्य जुळवता आले नाही, यात नवल नाही. पाच मिनिटांचे आश्वासन तर सोडूनच द्या. मिनिट डोळ्यांना दिसत नाही, आणि खरे सांगा, तुमची पाच मिनिटे कधी पाच असतात का?

ध्यानधारणा हवी तर करा, निदान झोप बरी लागेल. पण संयम म्हणाल, तर तो त्या दिवशी तिनेच दाखवला; दोन कामे संपेपर्यंत ती मुकाट्याने तुमच्यासोबत हिंडली, हेही तुम्हीच लिहिले आहे.

तुम्हाला एकच गोष्ट करायची आहे: घरातून निघताना जेवढी कामे सांगितली, त्यांत वाटेत भर घालायची नाही. दोन कामे असतील तर तिच्या स्वतःच्या पिशवीत दोन वस्तू द्या, औषधाची रिकामी बाटली आणि परत करायचे पुस्तक. प्रत्येक ठिकाणी ती वस्तू तिनेच काढून द्यायची, आणि पिशवी रिकामी झाली की सरळ घर गाठायचे. तिसरे काम आठवले, ते अगदी वाटेवर असले, तिथे रांग नसली आणि उद्या सुट्टी असली, तरीही पाय तिकडे वळवू नका. फारच निकड असेल तर घरी या, जरा टेका, आणि नवी वस्तू पिशवीत घालून नवी फेरी काढा. सुरुवातीला पिशवी रिकामी झाल्यावरही ती तुमच्याकडे संशयाने पाहील, कारण आजवरचा तिचा अनुभवच तसा आहे. तेव्हा काही समजावत बसू नका, घराकडे चालू लागा.

अशाने हट्ट शिरजोर होईल, असे तुम्ही म्हणाल. रडण्यामुळे ठरलेले काम रद्द झाले, तर नक्की होईल. म्हणून पिशवीत वस्तू शिल्लक असताना तिने बसकण मारली, तर माघार घ्यायची नाही: वस्तूकडे बोट दाखवून "हे राहिले" एवढे एकदाच म्हणा आणि ती उठेपर्यंत शेजारी गप्प उभ्या राहा. लोक बघतील, त्यांना बघू द्या.

आज रात्री तिला सांगा, "मी दोन म्हणाले आणि तिसरे काढले, माझे चुकले." त्याला "पण तूही" हे शेपूट जोडू नका. आणि उद्या शाळेतल्या तिच्या बाईंना त्या दोन बोटांची हकीकत कळवा. तिला आकडे शिकवायला कुठून सुरुवात करायची, ते त्यांना त्यावरून कळेल.