बाटली बदलली तर मापही बदलतं

प्रश्न : मुलगी चौदा महिन्यांची, वजन १० किलो. मागच्या तापात डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६ मिली सांगितलं होतं. आता मेडिकलमध्ये तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळालं. तेवढंच द्यायचं ना? आणि चार तासांत ताप परत चढला तर?
– एक आई, सातारा

उत्तर : आधी लेबल वाचा. नावाखाली बारीक अक्षरांत ५ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते छापलेलं असतं, कुठे १२०, कुठे २५०. डोस ठरतो वजनावर : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला १०० ते १५०. १२०च्या बाटलीतले ६ मिली म्हणजे १४४, बरोबर बसलं. तेच ६ मिली २५०च्या बाटलीतून दिले की ३०० झाले, दुप्पट! तिथे ३ मिली पुरे. ड्रॉप्स त्याहून दाट. १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतील तर दीड मिलीतच डोस पूर्ण होतो. ड्रॉप्स तान्ह्यांचे म्हणून सौम्य, ही घराघरांतली समजूत नेमकी उलटी आहे.

मोजायला घरातला चमचा नको, प्रत्येकाचं माप वेगळं. ५ मिलीची सिरिंज सुईशिवाय घ्या, किंवा टोपणाची खूण डोळ्यांसमोर धरून बघा. बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलं असेल तर हलवाच. नाहीतर औषध तळाशी बसतं, सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे जड जातात.

ताप परत चढणारच. औषध तो काही तास उतरवतं, आजार बरा करत नाही. चार तासांनंतर मूल किरकिरत असेल तर पुन्हा द्या, पण २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नको. खेळतंय, पाणी पितंय, तर थर्मामीटरवरच्या आकड्यासाठी औषध पाजायची गरज नाही. सोबत सर्दीचं सिरप चालू असेल तर त्याचंही लेबल बघा. त्यात पॅरासिटामॉल असलं की डोस नकळत दुप्पट होतो आणि भार यकृतावर येतो. तीन दिवस ताप हटला नाही, किंवा मूल सुस्त पडलं, तर दवाखाना गाठा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर घरचे उपाय न करता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माहेरी राहिल्यामुळे बाळाची दहा आठवड्यांची लस चुकली. आता पाचवा महिना चालू आहे. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? शिवाय नाक वाहतंय.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. दिलेला डोस वाया जात नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. पेंटाव्हॅलेंटचा (पाच आजारांवरची एकत्र लस) दुसरा डोस आता, तिसरा किमान चार आठवड्यांनी. रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस) आणि पोलिओचे राहिलेले डोसही याच भेटीत घेता येतात. नाक वाहणं किंवा किरकोळ सर्दी हे लस पुढे ढकलायचं कारण नव्हे. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या, म्हणजे आरोग्य केंद्रात नोंद बघून पुढचं ठरवता येतं. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. मांडीला कडक गाठ आली तर चोळू नका, ती हळूहळू विरते.

प्रश्न : जुलाबात ओआरएसचं अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर चालतं का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : नाही, आजी. १ लिटरचं पाकीट अख्खं १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, किंवा २०० मिलीचं छोटं पाकीट तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पाकिटात मीठ-साखर सारखी वाटली जात नाही, आणि एका ग्लासात ते फार दाट होतं. त्याने जुलाब वाढतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.