वेबसाइटवरून आकडे आणणारा माझा एक्सेल मॅक्रो इंटरनेट एक्सप्लोरर उघडून चालतो आणि फार रेंगाळतो. वेग कसा वाढवू?

ब्राउझर उघडणं बंद करा आणि पान थेट एक्सएमएलएचटीटीपीने (मॅक्रोतून पानाचा नुसता मजकूर मागवणाऱ्या ऑब्जेक्टने) मागवा. सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचेल. आत्ता तुमचा मॅक्रो प्रत्येक पानाची चित्रं, जाहिराती, स्क्रिप्ट लोड होईपर्यंत ताटकळतो, आणि तुम्हाला हवा असतो त्यातला एक आकडा. शिवाय १५ जून २०२२ पासून विंडोज १० वर या ब्राउझरचा सपोर्टही थांबलाय. लूपमध्ये एकेक सेल भरत बसू नका; सगळं अ‍ॅरेत (मेमरीतल्या तक्त्यात) साठवून शेवटी रेंजमध्ये एकदाच उतरवा. मात्र आकडे जावास्क्रिप्टने मागाहून भरले जात असतील, तर मिळालेल्या एचटीएमएलमध्ये ते नसतीलच. मग ते पान ब्राउझरमध्ये उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जेसन (नुसत्या आकड्यांचा मजकूर) देणारा पत्ता शोधा आणि तोच मागवा.