कुत्र्याला घेऊन गावाला जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परीक्षा संपत आल्या की सोलापुरात पाचगणी-महाबळेश्वरचे बेत ठरू लागतात. घरात कुत्रा असेल तर त्याबरोबर एक वादही ठरलेला: याला न्यायचं की कोणाकडे ठेवायचं? या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

आमचा लॅब्रेडॉर चार वर्षांचा, वजन ३० किलो. मे महिन्यात चार दिवस त्याला कारने पाचगणीला न्यायचं आहे. आजवर तो दवाखान्यापलीकडे गाडीतून कुठे गेलेला नाही. काय तयारी करावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

आधी गाडीची सवय, आणि ती आजपासून. गाडी म्हणजे इंजेक्शन एवढंच ज्याला माहीत आहे, तो अडीचशे किलोमीटर शांत बसणार नाही. पहिले तीन-चार दिवस त्याला नुसतं उभ्या गाडीत बसवून खाऊ द्या. मग गल्लीला एक चक्कर, मग विजापूर रोडने दहा किलोमीटर, मग तासभर. प्रत्येक चकरेच्या शेवटी त्याला हिंडायला मिळालं पाहिजे. गाडी चालू असताना तो सारखा जांभया देतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो का, याकडे कोणीतरी मागे बसून लक्ष द्या. ही मळमळ आहे. तसं दिसलं तर डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीचं मॅरोपिटंट हे उलटीचं औषध त्याच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. माणसांची उलटीची गोळी अंदाजाने अर्धी मोडून देऊ नका.

आदल्या रात्री आठपर्यंत निम्मंच जेवण द्या. सकाळी खाणं नाही, पाणी मात्र चालेल. पहाटे चारला निघालात तर पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव करत नऊच्या सुमारास साताऱ्यात पोचाल, आणि माणदेशातला उघडा पट्टा ऊन चढायच्या आत मागे पडेल. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबा. आधी साखळी हातात घ्या आणि मगच दार उघडा, कारण हायवेवर कुत्री सुटतात ती नेमकी याच क्षणी. पाचवड फाट्यावरून आत वळल्यावर वाईत वीस मिनिटं पाय मोकळे करा. उलटी व्हायची असेल तर ती पसरणी घाटाच्या वळणांवर होते, म्हणून घाट चढण्याआधी त्याला ताजंतवानं करणं फायद्याचं.

गाडीत त्याची जागा मागच्या सीटवर. छातीला बसणारा हार्नेस घाला आणि त्याची पट्टी सीटबेल्टच्या खाचेत अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला बेल्ट कधीच जोडू नका, जोरात ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येतो. खिडक्यांची बटणं ड्रायव्हरकडून लॉक करा, कारण कुत्र्याचा पाय बटणावर पडून काच खाली जाते. एसीचा झोत मागे पोचतो का, तेही आधी मागे बसून पाहा. पुढे गारवा आणि मागे कुत्रा धापा टाकतोय, असं पुष्कळ गाड्यांत होतं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: रोज किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे तुमच्या लॅबला दीड ते पावणेदोन लिटर, आणि उन्हात त्याहून बरंच जास्त. घरचंच पाच लिटर पाणी बरोबर ठेवा, परक्या चवीचं पाणी काही कुत्री तोंडाला लावत नाहीत. एका वेळी वाटीभरच पाजा. गटागटा पिऊन लगेच गाडीत चढवलं की सगळं सीटवर येतं.

हॉटेल ठरवताना ‘पेट फ्रेंडली’ या दोन शब्दांवर विसंबू नका. फोन करून विचारा: कुत्रा खोलीत राहू शकतो की बाहेरच्या पिंजऱ्यात? वजनाची मर्यादा आहे का? जादा पैसे रोजचे की एकदाच? जेवणाच्या जागी आणलेला चालतो का? आवारात त्यांची स्वतःची कुत्री मोकळी असतात का? तळमजल्याची खोली मिळेल का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा, म्हणजे दारात वाद होत नाहीत. लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो तुम्हीही पाठवून ठेवा.

पोचल्यावर त्याला थेट खोलीत नेऊ नका. आधी आवारात फिरवून शी-शू उरकू द्या. मग खोलीत तुमची घरची, न धुतलेली सोलापुरी चादर अंथरा. तिला घरच्या माणसांचा वास असतो, आणि बहुतेक कुत्री तिच्यावर दोन गिरक्या घेऊन पसरतात. हॉटेलच्या गादीवर केस जाऊ नयेत म्हणूनही तीच कामाला येते. तासाभराने थोडं खायला द्या. एकटं ठेवण्याची परीक्षा घ्यायची असेल तर पाच मिनिटं बाहेर पॅसेजमध्ये उभे राहा, मग पंधरा. भुंकत असेल, दार ओरबाडत असेल तर एकटा सोडूच नका, पाळ्या लावा. शांत राहिला तरी सफाईवाल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणी दार उघडेल आणि कुत्रा थेट रस्त्यावर जाईल.

टेबललँडवर सकाळी आठच्या आत जा. वर जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, सावली जवळपास नाही आणि घोडे पुष्कळ. घोडा दिसला की साखळी आखडून बाजूला व्हा, कुत्र्याला खाली बसवा आणि घोडा पुरता पुढे जाऊ द्या. मागून हुंगायला गेलेल्या कुत्र्याला लाथ बसली तर जबडा मोडतो. पॉइंटवर माकडं असतात. कुत्र्याने एका पिल्लावर झेप घेतली तर सगळी टोळी त्याच्यावर येते. म्हणून साखळी दीड-दोन मीटरची साधी घ्या. बटण दाबून लांबणारी दोरी कड्याच्या काठी घातक आहे.

आता उन्हाबद्दल. पाचगणी थंड असलं तरी बंद गाडी तिथेही भट्टी होते. काचा बंद करून उन्हात उभी केली तर दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं. काच चार बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणूनही त्याला गाडीत सोडू नका. धाप मोठी आणि घरघरती झाली, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, चाल लडखडली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, नळाचं किंवा बाटलीचं पाणी अंगभर ओता, पोट आणि मांड्यांवर भरपूर, आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. आधी गार करा, मग एसी लावून दवाखान्याकडे निघा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात तापमान मोजा: निरोगी कुत्र्याचं ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं. ते उतरून ३९.५ वर आलं की पाणी ओतणं थांबवा.

आमच्याकडे दोन वर्षांची कारवानी जातीची शिकारी कुत्री आहे. रविवारी तिला नळदुर्गला आणि नान्नजला न्यावं म्हणतो. आमच्या गावात ती मोकळीच असते.
— एक वाचक, बार्शी रोड

नान्नजला नेऊ नका, ही विनंती आहे. माळढोक अभयारण्याचं ते गवताळ रान जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं आहे. काळविटं आहेत, लांडगेही आहेत. कुत्री अंडी-पिल्लं खातात, काळविटाच्या पाडसामागे धावतात, आणि डिस्टेंपरसारखे रोग रानातल्या प्राण्यांना देऊ शकतात. माळढोक आता इतके थोडे उरलेत की एक घरटं मोडणंही परवडणारं नाही.

नळदुर्गचं तसं नाही, पण किल्ल्यात कुत्रा सोडतात का हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. सोलापूरचा भुईकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि अशा स्मारकांत देखभालीचं काम सोडून जनावर आणायला १९५९ च्या नियमांनीच बंदी आहे. तिथे दारावर हुज्जत घालून उपयोग नाही.

नळदुर्गला परवानगी मिळाली तर पावसाळा सरल्यावर, सकाळी जा. पाणीमहालाच्या बाजूला बोरी नदीच्या बंधाऱ्यावर शेवाळं धरलेलं असतं, तिथे माणूसच घसरतो. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्यांवर तिला नेऊच नका. दुपारी काळा दगड तापतो. तळहाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसवलं नाही तर तिच्या पंज्यांनाही सोसणार नाही. कारवानीच्या अंगावर चरबी नाही आणि केसही तोकडे, त्यामुळे तिला ऊन आणि थंडी दोन्ही लवकर बाधतात.

खरी काळजी पट्ट्याची. कारवानी आणि तिच्याच जातकुळीतल्या केसाळ पश्मीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, म्हणून साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सुटतो आणि कुत्रं मोकळं. मार्टिंगेल पट्टा घ्या, दोन इंच रुंद, ताणला की थोडाच आवळणारा. कानांच्या लगेच मागे बसवा. पूर्ण ताणल्यावरही दोन बोटं आत गेली पाहिजेत, आणि मागे ओढून पाहिल्यावर तो कानांवर अडला पाहिजे. ही चाचणी घरीच करा, बसस्टँडवर नको. ससा दिसला की ती तुमची हाक ऐकणार नाही. तिला नजरेनं धरून पळण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडलंय, त्यात शिकवणुकीचा दोष नाही. गावात मोकळी असते ते तिच्या ओळखीच्या रानात. धनगराच्या मेंढरांमागे गेली तर नुकसान त्याचं होतं आणि राखणीची कुत्री तिला फाडतात. शिवाय जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका होऊ दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परत आल्यावर कुसळं बघा. दिवाळीच्या आसपास आपल्या माळरानावरचं गवत वाळतं, आणि कुसळाला बाणासारखं उलटं टोक असतं: आत जातं, मागे येत नाही. उजेडात बसून पंजाची प्रत्येक फट बोटांनी उघडा, मग काखा, मग कान. पाय सारखा चाटत असेल किंवा डोकं एका बाजूला कलतं करून झटकत असेल तर कुसळ आत गेलंय, कानात चिमटा न घालता डॉक्टरांकडे न्या. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल किंवा काडी लावू नका. खरं तर गोचिडांचं औषध निघण्याआधी आठ-दहा दिवस देणंच चांगलं.

रेल्वेने पग नेता येतो का?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. तिकीट काढताना कूपेची खात्री मिळत नाही, ते चार्ट लागल्यावर कळतं. एसी टू, एसी थ्री, चेअर कार, स्लीपर यांत कुत्रा चालत नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातला डॉगबॉक्स, त्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. पगला मात्र तिथे ठेवू नका. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापेवाटे उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही, आणि लोखंडी बंद खोक्यात उन्हाळ्यात त्यांचा जीव जातो. दोन्ही मार्गांसाठी लसीकरणाची पुस्तिका आणि प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीचा डॉक्टरांचा फिटनेस दाखला लागतो.

सासूबाईंना तुळजापूरचं दर्शन घडवायचंय, घरी कुत्र्याला बघायला कोणी नाही. गाडीत ठेवला तर चालेल?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

नाही. दर्शनाची रांग किती लांबेल हे तुमच्या हातात नसतं, आणि बंद गाडीचं वर सांगितलंच आहे. मंदिराबाहेर खांबाला बांधणंही नको, गर्दीत कोणाचा पाय पडला की तो चावणार. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. दोघं मोठे असाल तर एकाने सासूबाईंबरोबर आत जावं, दुसऱ्याने गावाबाहेर सावलीत कुत्र्याला घेऊन थांबावं, मग अदलाबदल. तेही जमत नसेल तर शेजारच्यांना सकाळ-संध्याकाळची एकेक फेरी सांगा. एका दिवसासाठी कुत्र्याला घरचा थंड कोपराच बरा.

बाहेरगावी त्याला काय खाऊ घालावं? आणि तिथल्या भटक्या कुत्र्याने चावा घेतला तर?
— एक वाचक, सात रस्ता

घरी जे खातो तेच, तितकंच, चार दिवसांचं मोजून डब्यात. खाणं अचानक बदललं की जुलाब ठरलेले. आपली कडक भाकरी इथे फार सोयीची: टिकते, सांडत नाही, दह्यात मोडून दिली की खातात. फक्त मिठाची नको, आणि शेंगाचटणीचा हात लागलेली तर अजिबात नको, त्यात लसूण असतो. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, याला ठरलेलं माप नाही, म्हणून दोन-चार खाल्ले तरी डॉक्टरांना फोन करा. पाचगणीतलं चॉकलेट आणि फज पिशवीतून कुत्री शोधून काढतात. १० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम दुधाच्या चॉकलेटने त्रास सुरू होऊ शकतो, काळ्या चॉकलेटचं त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. स्ट्रॉबेरी एक-दोन चालतात.

चाव्याचं काम लगेच करा. हातात मोजे घाला, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका. रेबीजची लस चालू असली तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडून बूस्टर घ्या. धुताना तुमच्या हाताला ओरखडा असेल किंवा त्या भटक्याची लाळ जखमेला लागली असेल, तर तुम्हीही हात तसेच धुऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात लस घ्या आणि पुढच्या डोसच्या तारखा तिथेच लिहून आणा. सोलापूरला परतल्यावर उरलेले डोस इथे पुरे करता येतात, कागद मात्र जपून ठेवा.