चालू क्लस्टरचा स्नॅपशॉट बॅकअप

प्रश्न : आमच्या तीन नोडच्या (सर्व्हरच्या) पोस्टग्रेस डेटाबेस क्लस्टरमध्ये डेटा एका व्हॉल्यूमवर, म्हणजे स्टोरेजच्या एका स्वतंत्र भागावर, आणि वॉल, म्हणजे व्यवहारांची नोंदवही, दुसऱ्या व्हॉल्यूमवर आहे. डेटाबेस चालू ठेवून दोन्हींचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीच्या प्रती, घेतले, तर तो बॅकअप भरवशाचा मानावा का?

उत्तर : दोन्ही स्नॅपशॉट नेमके एकाच क्षणी घेतले गेले तरच. समजा, वॉलचा स्नॅपशॉट २ वाजता आणि डेटाचा त्यानंतर चार सेकंदांनी निघाला. त्या चार सेकंदांत डेटा फायलींत उतरलेल्या बदलांची नोंद वॉलच्या प्रतीत नसेल आणि अशी प्रत उघडली तरी तिच्यावर विश्वास टाकता येणार नाही. स्टोरेजमध्ये दोन्ही व्हॉल्यूम एका गटात घेऊन एकत्रित स्नॅपशॉट काढण्याची सोय असल्यास तीच वापरावी.

तशी सोय नसेल, तर आधी बॅकअप सुरू होत असल्याचे डेटाबेसला कळवणारे पीजी_बॅकअप_स्टार्ट हे फंक्शन चालवावे, मग डेटाचा स्नॅपशॉट घ्यावा आणि शेवटी त्याच जोडणीतून पीजी_बॅकअप_स्टॉप चालवावे. (आवृत्ती १५ पूर्वी या फंक्शनांची नावे वेगळी होती.) मधल्या काळातील सर्व वॉल फायली आर्काइव्हमध्ये, म्हणजे त्या जतन करण्याच्या वेगळ्या जागी, पोहोचल्या पाहिजेत. स्टॉपकडून मिळणारा बॅकअप_लेबलचा मजकूर (बॅकअप उभा करताना वॉल कुठून लावायची हे सांगणारा) जपून ठेवावा लागतो. नेमका तोच पुष्कळदा विसरला जातो.

स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य नोडवरील बदल इतर नोडकडे सतत पाठवण्याची पद्धत, असल्यास प्रत्येक नोडवर संपूर्ण डेटा असतो, त्यामुळे एकाच नोडचा बॅकअप पुरतो. मात्र रेप्लिका (दुसऱ्या नोडवरची अशी प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेला तक्ता तिथूनही लगोलग पुसला जातो. स्नॅपशॉट मूळ स्टोरेजवरच राहत असेल, तर त्याची प्रत दुसरीकडे हलवावी आणि ती अधूनमधून वेगळ्या सर्व्हरवर उभी करून पाहावी.